बुडवलेली नावाडीण

फ्रेमवाल्याला आयुष्यात मिरवण्यासारखं एकच मिळालं होतं, आणि ते पोस्टानं आलं होतं.

त्याचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधे चेपून बसवलेली बोळवजा खोली. पुढे काउंटर, मागे लाकडी पट्ट्यांचे उभे गठ्ठे, मधे कापायचं टेबल. लोक पदव्या आणत, लग्नातले फोटो आणत, गेलेल्या माणसांचे फोटो आणत. तो पट्टी तिरकी कापी, सरस लावून कोपरे जुळवी, वर काच बसवी. कोपरा असा बसे की नख फिरवलं तरी सांधा हाताला लागत नसे. पण फ्रेमकडे कोण बघतं? लोक आतलं बघतात. हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्याची कुरकुर नव्हती, कारण त्याच्याकडे मोजणीदार होता.

फार वर्षांपूर्वी एका मासिकात दोन ओळींचं निवेदन आलं होतं: वाचून झालेली पुस्तकं टपालानं अदलाबदल करायची असतील तर पत्ता कळवा. फ्रेमवाल्यानं कळवला. सुरुवातीला पुष्कळ जण भेटले. कुणी त्याचं पुस्तक घेऊन मूग गिळून बसलं, कुणी पानं गळालेली पुस्तकं त्याच्या गळ्यात मारली. चाळणीतून चाळून शेवटी राहिला तो मोजणीदार. जमिनी मोजायच्या सरकारी खात्यातून निवृत्त होऊन दूर डोंगरातल्या एका गावी राहणारा एकटा माणूस. रीत साधी होती. पुस्तक आलं की वाचायचं, कसं वाटलं ते एका कागदावर लिहायचं, आणि त्या कागदासोबत आपल्याकडचं एक पुस्तक बदल्यात धाडायचं. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, फोनवर बोलले नव्हते. पण शेजारचा किल्लीवाला म्हणायचा, "तुमचं पहिलं लग्न मोजणीदाराशी झालंय, वहिनी नंतरच्या." आणि फ्रेमवाला हे ऐकून खूश व्हायचा.

वहिनी, म्हणजे फ्रेमवाल्याची बायको, एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसे. पुस्तकांशी तिचा संबंध धूळ झटकण्यापुरता. दिवसभर कानात लोकांची घाबरगुंडी ओतून घेतल्यावर घरी आणखी कुणाचं ऐकायला मला जागा नाही, असं ती म्हणे. त्यालाही ते सोयीचंच होतं. घरातली एक फळी, एक खुर्ची आणि एक माणूस हे सगळं त्याचं एकट्याचं होतं.

मग एके सकाळी काच कापताना त्याच्या उजव्या डोळ्यात काळ्या माश्या फिरायला लागल्या, आणि दुपारपर्यंत एका बाजूनं सावली चढत आली. डोळ्याचा पडदा सरकला होता. बायकोच्याच इस्पितळात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं की बुडबुड्यानं पडदा जागेवर दाबून धरायला हवा, तेव्हा काही दिवस पालथं झोपायचं, बसलात तरी मान खाली. आणि त्यानंतरही बरेच दिवस वाचायचं नाव काढायचं नाही.

घरी आल्यावर बायकोनं पलंगाच्या कडेला उशा रचून त्याचं तोंड बाहेर येईल अशी सोय केली. त्याला दिसायची ती फक्त फरशी. तो कुरकुरला, मान अवघडली म्हणाला, जरा उताणा होतो म्हणाला. तेव्हा ती म्हणाली, "आजवर तुम्हाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच होतं. आता निदान घडा खरोखर पालथा आहे." आणि उशी नीट केली.

अशातच मोजणीदाराचं पार्सल आलं. जाडजूड कादंबरी होती. नोकरी सोडून गावच्या घरी राहायला आलेल्या एका न्यायाधीशाची गोष्ट. फ्रेमवाल्यानं पुस्तक हातात घेऊन चाचपलं, वास घेतला आणि उशाशी ठेवलं. दिवसभर तो त्याच्यावर हात ठेवून पडलेला पाहून बायकोला कीव आली असावी. कामावरून आली, हातपाय धुतले, चहा घेतला आणि पलंगाजवळ खुर्ची ओढून म्हणाली, आणा, वाचते मी.

तिला वाचता येईल यावर त्याचा विश्वास नव्हता. दुसरी-तिसरीच्या मुलीसारखी अडखळेल, त्याला वाटलं. पण तिची वर्षं आवाजावरच गेली होती. तिनं न्यायाधीशाला एक सूर दिला, त्याच्या भावाला दुसरा, आणि दोन-तीन पानांतच खोली माणसांनी भरली. फ्रेमवाल्याला दिसत होती ती खाली तिची पावलं. भांडणाचा प्रसंग आला की तिची बोटं आत वळायची. कुणी खोटं बोलायला लागलं की तिचा डावा पाय जमिनीवर हलकेच आपटायचा. रोज संध्याकाळी ती वाची आणि तो ऐके. खरं सांगायचं तर ते दिवस त्याला बरे गेले. त्यानं तसं बोलून दाखवलं नाही, एवढंच.

पुस्तक संपलं, तेव्हा त्यानं तिला मोजणीदाराला पाठवायचा कागद सांगितला. त्याची पद्धत ठरलेली होती. मांडणी घट्ट आहे, मधला भाग लांबला, खटल्याच्या प्रकरणात तारखांचा घोळ वाटतो, भाषा नेटकी. तिनं लिहून घेतलं, बदल्यात पाठवायचं पुस्तक त्यानं सांगितलेल्या जागेवरून काढलं, बांधलं आणि कामावर जाताना पोस्टात टाकलं.

उत्तराचं पार्सल आलं, तेव्हा त्याला बसायची परवानगी मिळाली होती. उजव्या डोळ्यावर झापड होतं. बायकोनं दोरी सोडली, पुस्तक बाजूला ठेवलं आणि कागद उघडून वाचायला लागली.

मोजणीदारानं लिहिलं होतं, की तुमचा कागद मी तीनदा वाचला. तुम्ही लिहिता की न्यायाधीशाची बहीण पुस्तकात जिथे जिथे येते, तिथे तिच्या हातात काही ना काही असतं, आणि अख्ख्या पुस्तकात तिला कुणी बस म्हणत नाही. मी ती कादंबरी दोनदा वाचली होती, पण ती बहीण मला दिसलीच नव्हती. तुमचं हे वाक्य वाचून मी माझ्या थोरल्या बहिणीला कितीतरी वर्षांनी फोन केला. इतकी वर्षं आपण एकमेकांना लिहितो आहोत, पण असं काही तुमच्याकडून कधी आलं नव्हतं. आजारपणानं माणूस खोल होतो म्हणतात, ते खरं असावं.

बायकोनं हे सगळं एका सुरात वाचलं. इस्पितळात कोण कुठल्या वॉर्डात आहे हे सांगावं तशा. मग कागद घडी करून त्याच्या हातात दिला.

"हे मी कधी सांगितलं तुला?" त्यानं विचारलं.

"नाही सांगितलं. खाली जागा उरली होती, म्हणून मी घातलं."

"माझ्या नावानं?"

"मग काय माझ्या नावानं घालू? तुमचाच कागद होता."

यात तिची काही चूक आहे असं त्याला धड म्हणताही येईना. जखम झाली असती तर दाखवता आली असती. त्यानं मान हलवली आणि चहा मागितला. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात एक वाक्य घर करून बसलं: असं काही तुमच्याकडून कधी आलं नव्हतं. एवढी वर्षं त्यानं दुकान बंद करून, पाठ मोडून, शब्द तोलूनमापून कागद लिहिले होते. आणि हिनं, जिनं आयुष्यात धड एक पुस्तक वाचलं नव्हतं, उरलेल्या जागेत चार ओळी खरडल्या आणि त्याचा मोजणीदार नेला. बाहेरच्या कुणी नेला असता तर तोंडभर शिव्या तरी देता आल्या असत्या. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

नव्यानं आलेलं पुस्तक होतं एका नावाडणीचं. नदीवर नाव चालवणारी बाई, नवरा काही न सांगता निघून गेलेला, आणि नदीवर पुलाचं काम सुरू झालेलं. बायको रोज वाचत होती, पण आता फ्रेमवाल्याला ऐकण्यात सुख राहिलं नव्हतं. तो पुस्तक ऐकत नव्हता, तिला ऐकत होता. ती कुठे थांबते, कुठे श्वास घेते, कशावर हसते. मधेच ती पुस्तक मांडीवर ठेवून म्हणायची की बघा, ही बाई दोर बांधताना बोलते, सोडताना कधी बोलत नाही. आणि तो मनात जळायचा. हे आपल्या ध्यानात का आलं नाही? मग तो मुद्दाम म्हणायचा की त्यात काय, लेखकांची ती नेहमीची युक्ती आहे. ती म्हणायची, असेल बाई. आणि पुढे वाचायला लागायची. तिला लागतही नव्हतं, हे त्याला जास्त लागायचं.

पूल जवळजवळ पुरा झाला होता आणि गेलेला नवरा वेगळं नाव घेऊन मजुरांत परत आला होता, अशा ठिकाणी पुस्तक आलं, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी फ्रेमवाल्याला नवा चष्मा देऊन वाचायला मोकळा केला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला, तो नावाडणीला पिशवीत घालून.

संध्याकाळी बायकोनं पुस्तक शोधलं. तो म्हणाला, दुकानात आहे, गिऱ्हाईक नसताना वाचतोय, इतके दिवस तुला फुकटचा त्रास झाला. ती म्हणाली, त्रास कसला, पण शेवट मला हवाय. तो म्हणाला, वाचून झालं की सांगतो.

दोन-तीन दिवसांत त्याचं वाचून झालं. शेवट असा होता की नावाडीण नवऱ्याला ओळखते, पण तसं दाखवत नाही. नावेचा दोर त्याच्या हातात देते आणि स्वतः नव्या पुलावरून चालत पलीकडे निघून जाते. फ्रेमवाला टेबलाशी पुस्तक मिटून बसला. शेवट त्याला आवडला होता, आणि हे ऐकल्यावर बायको काहीतरी म्हणेल, तेही त्याला माहीत होतं. एखादं असं वाक्य, जे त्याला जन्मात सुचणार नाही. जेवताना तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला:

"मेली ती. पुरात वाहून गेली. पुलाचं काम पुरं व्हायच्या आधीच."

बायकोचा घास हातात राहिला. तिनं तो परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "नाही. ती पुरात नाही मरायची. पूर येणार हे तिला नदीच्या आधी कळतं. लिहिणाऱ्याला शेवटी कंटाळा आला असेल."

"छापलंय तसं," तो म्हणाला.

"छापलं म्हणून काय झालं?"

त्या रात्री ती अर्ध्या जेवणावरून उठली. दुसऱ्या दिवशीही. घरातलंच कुणी गेल्यासारखी ती भांडी जरा जास्त हळू ठेवत होती. फ्रेमवाल्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त त्याला हे खुपलं की पुस्तक हातात नसताना, शेवट न वाचता, हिनं ओळखलं की नावाडीण मरणार नाही. तिनं त्याचं खोटं पकडलं नव्हतं. तिनं त्याच्यापेक्षा त्या बाईला जास्त मानलं होतं. त्यानं पुस्तक घरी येऊच दिलं नाही. देवाणघेवाणीच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक पशुवैद्य दुसऱ्या शहरात राहत होता. त्याला बऱ्याच दिवसांत काही पाठवलं नव्हतं. नावाडणीला त्याच्याकडे रवाना केलं आणि ब्याद टळली असं मानलं.

मोजणीदाराला त्यानं स्वतःच्या हातानं कागद लिहिला. लिहायला बसला, तर सगळी वाक्यं तिच्या आवाजात ऐकू यायला लागली. दोर बांधताना बोलते, सोडताना बोलत नाही. हे त्याला लिहायचं होतं, पेन त्यावर येऊन थांबलंही. पण चोरी करायची तर बायकोच्या ताटातून करायची? त्यापेक्षा आपलं ते आपलं. त्यानं लिहिलं: मांडणी घट्ट, पुलाच्या कामाचं वर्णन थोडं लांबलं, शेवट चांगला. आणि पाठवून दिलं.

उत्तर बरेच दिवस आलं नाही. आलं ते पुस्तकाविना, छोटंसं. मोजणीदार भाचीकडे शहरात येतोय, परत जायच्या दिवशी दुपारी दुकानावर येऊ का, असं विचारलं होतं.

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं. फ्रेमवाल्यानं दुकान झाडलं, काच पुसली, काउंटरवरचा सरसाचा डबा मागे नेला. किल्लीवाल्यानं आज वरात आहे का म्हणून विचारलं. पण घरी त्यानं अवाक्षर काढलं नाही. बायको त्या दिवशी दुपारी कामावर असणार, हे त्यानं आधीच काढून ठेवलं होतं, आणि उत्तरात बरोबर तीच वेळ कळवली होती. निदान माणूस तरी एकट्याचा राहू दे.

मोजणीदार बुटका निघाला. पत्रांवरून तो उंच असेल असं फ्रेमवाल्याला का कोण जाणे वाटत आलं होतं. जाड भिंगांचा चष्मा, कोपरावर घासलेला कोट, आणि चालताना मधेच थांबून अंतर जोखल्यासारखं बघायची सवय. दोघांनी हात हातात घेतले, सोडायचे कधी ते दोघांनाही कळेना. मग स्टुलावर बसून त्यांनी डोळ्याची चौकशी केली, प्रवासाची केली, टपालखर्च वाढल्याबद्दल हळहळ केली. फ्रेमवाल्यानं त्याला सांध्यावर नख फिरवून बघायला लावलं. मोजणीदारानं मनापासून वाहवा केली. आणि मग बोलणं संपलं. इतकी वर्षं कागदावर संपलं नव्हतं, ते इथे चहाच्या एका कपात संपलं.

शेवटी मोजणीदार कप खाली ठेवत म्हणाला, "एक विचारू का? ती नावाडीण मी खास तुमच्यासाठी शोधून पाठवली होती. न्यायाधीशाच्या बहिणीबद्दल तुम्ही लिहिलंत ना, म्हणून. म्हटलं, या बाईबद्दल तुम्ही काय लिहाल. तुमचं उत्तर आलं, दोन ओळींचं. माझं काही चुकलं का?"

"नाही, नाही. चुकायचं काय त्यात."

"मग बरं. मला आपलं वाटलं, की मी बहिणीचं, फोनचं वगैरे लिहिलं, ते जास्त झालं. एकटा राहिलं की माणूस भलतं लिहून जातो."

एवढं बोलून तो दुकानाच्या भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर रिकाम्या फ्रेमा टांगलेल्या होत्या. फ्रेमवाला त्याच्याकडे बघत होता आणि त्याच्या आत जळत होतं. हा माणूस एवढ्या लांबून, घासलेला कोट घालून, त्याच्या दुकानात त्याच्यासमोर बसला होता, आणि तरीही शोधत होता दुसऱ्याच कुणाला. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो उठला असता, बस पकडली असती आणि गावी जाऊन हळूहळू लिहायचा थांबला असता. तसं होऊ द्यायचं, असं फ्रेमवाल्याच्या मनात येऊन गेलं. मला नाही तर तिलाही नाही. पण मग म्हातारा घरी जाऊन आपलं काय चुकलं, हेच उगाळत बसणार होता, आणि ते मात्र फ्रेमवाल्याला सोसवेना.

"तो कागद माझा नव्हता," तो म्हणाला. "वरचा माझा. बहिणीचं माझ्या बायकोनं लिहिलं. मी पालथा पडलो होतो."

त्याला वाटलं, आता फसवलंत म्हणेल. मोजणीदार क्षणभर गोंधळला, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की फ्रेमवाल्यानं मान फिरवली. रागावला असता तर परवडलं असतं.

"वहिनींनी? त्या वाचतात हे तुम्ही कधी लिहिलं नाहीत."

"वाचत नव्हती," फ्रेमवाला म्हणाला, आणि शटर ओढायला उठला. "चला घरी. ती येईलच इतक्यात. बसला अजून अवकाश आहे."

घरी पोचले, तेव्हा बायको नुकतीच आली होती. दारात नवखा माणूस पाहून ती बिचकली नाही. त्यानं खाकरून नमस्कार केल्याबरोबर ती म्हणाली, मोजणीदार ना, बसा. कसं ओळखलंत, म्हणून त्यानं विचारलं. तुम्ही बोलण्याआधी खाकरता, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटायचं, ती म्हणाली, मी वाचले त्या कागदांच्या सुरुवातीला एक बिनकामाचं वाक्य होतं. मोजणीदार इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. फ्रेमवाल्यानं त्याचे कागद वर्षानुवर्षं वाचले होते. पहिलं वाक्य बिनकामाचं असतं हे त्याला आत्ता कळत होतं.

चहा त्यानंच टाकला. स्वयंपाकघरातून त्याला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. दुकानात चहाच्या कपात संपलेलं बोलणं इथे पुरासारखं वाहत होतं. न्यायाधीश, त्याची बहीण, मोजणीदाराची बहीण, ती फोनवर आधी रडली की आधी रागावली. आणि मग फ्रेमवाला कप घेऊन बाहेर येत असतानाच बायको म्हणाली:

"पण त्या नावाडणीचं मला पटलं नाही. एवढी जाणती बाई, आणि पुरात मरते?"

"मरते? कुठे मरते?" मोजणीदार म्हणाला. "ती तर..."

तो थांबला. आयुष्यभर दोन शेतांमधली हद्द शोधलेला माणूस. हद्द कुठे सरकवली गेली आहे हे त्याला चटकन दिसलं. त्यानं फ्रेमवाल्याकडे पाहिलं. मग बायकोनंही पाहिलं. फ्रेमवाला हातात ट्रे घेऊन उभा होता.

"मी मारली," तो म्हणाला. "पुस्तकात नाही मरत."

"का?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला थाप मारता आली असती.

"मला बघवलं नाही. यांनी तुझं कौतुक लिहिलं आणि मला बघवलं नाही. शेवट ऐकून तू आणखी काहीतरी बोलली असतीस. मला वाटलं, नको बोलायला."

मोजणीदार उठून फळीवरची पुस्तकं बघायला लागला, पाठ करून, इतक्या जवळून की नाक पुस्तकांना लागावं. बायकोनं नवऱ्याच्या हातातला ट्रे घेतला आणि टेबलावर ठेवला.

"मी तिच्यासाठी दोन दिवस जेवले नाही नीट," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून बघत होता."

मोजणीदारानं पाठमोऱ्यानंच चाचरत विचारलं की वहिनी, खरा शेवट मी सांगू का. ती म्हणाली, "नको. दोघांनीही सांगू नका. मी वाचीन."

मोजणीदाराला बसवर सोडायला दोघंही गेले. बस सुटेपर्यंत तो खिडकीतून आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला, कुणावर जास्त वेळ नजर राहू नये याची काळजी घेत. त्यानंतर आठवडाभर तिनं नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मीठ हवं का, दूध संपलंय, किल्ली कुठे आहे. टेलिफोनवर परक्या माणसाशी बोलावं तसं, सभ्यपणे. ती शिक्षा त्याला पुरेपूर लागली.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती फळीसमोर उभी राहिली आणि विचारलं की नावाडीण कुणाकडे गेली. त्यानं पशुवैद्याचा पत्ता दिला. बदल्यात काय पाठवायचं, म्हणून तो पुढे झाला, आणि दोन-चार सामान्य पुस्तकं त्यानं काढून दिली. तिनं ती बाजूला सारली. हात वर करून फळीच्या उजव्या टोकाचं, तांबड्या कापडी बांधणीचं पुस्तक काढलं. ते त्यानं आजवर कुणाला दिलं नव्हतं. मोजणीदारालासुद्धा नाही. तिनं ते कागदात गुंडाळलं, दोरी आवळली आणि वर पत्ता लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागी तिनं स्वतःचं नाव घातलं. फ्रेमवाल्यानं ते पार्सल पोस्टात नेऊन टाकलं. जाताना वजन दोन्ही हातांना जाणवत होतं.

नावाडीण परत आली, तेव्हा बायकोनं ती पहिल्यापासून वाचली, मनातल्या मनात, खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीत. तो स्वयंपाकघरात बसून राहिला. शेवटची पानं आली, हे त्याला उलटायच्या आवाजावरून कळलं. पुस्तक मिटलं तरी ती जागची हलली नाही. त्याला विचारायचा धीर होईना. त्यानं भांडी आवरली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

शेवटी ती आपणहून आत आली आणि दाराशी उभी राहिली.

"काय वाटलं?" त्यानं विचारलं.

ती म्हणाली की नवऱ्याच्या हातात दोर देताना ती बोलली नाही, ते बरोबरच आहे. पण पुलावर गेल्यावर लेखक म्हणतो की तिनं वळून पाहिलं नाही. "माझ्या मते पाहिलं. त्याला नाही, नावेला. आपण नसताना ती दुसऱ्याच्या हाताखाली कशी चालते, हे बघायला. तिलाही जळलं असेल थोडं."

फ्रेमवाल्यालाही नेहमीसारखं जळलं. ते जळणं काही गेलं नव्हतं, आणि यापुढे जाईल असंही त्याला वाटलं नाही. मोजणीदाराचं पुढचं पार्सल तिच्या नावानं येणार होतं आणि त्यातला कागद लांबलचक असणार होता. तो हातातलं फडकं पिळून वाळत घालू लागला.

"हे लिही त्यांना," तो म्हणाला. "आणि लिहायच्या आधी एकदा परत सांग. मी नीट ऐकलं नाही."

तिनं खुर्ची ओढली आणि परत सांगितलं.